इंजिन गेलं तरी हेलिकॉप्टर उतरतं, पण...

नागपूरकरांनो, आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. पण मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की हेलिकॉप्टरच्या लेखी ते ४,८०० फुटांवर उडत असतं! नवशिक्याला हे लवकर कळलेलं बरं.

अशा विरळ हवेत हलक्या हेलिकॉप्टरच्या सरावातला अवघड भाग म्हणजे ऑटोरोटेशन, म्हणजेच इंजिनाविना उतरणं. इंजिनची ताकद मुद्दाम काढून घ्यायची, डाव्या हाताचा लीव्हर झटकन खाली दाबायचा, खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवायची आणि जमिनीजवळ नाक उचलून वेग मारायचा. रॉबिन्सन आर-२२ या हलक्या हेलिकॉप्टरची पाती तर फारच हलकी. लीव्हर दाबायला दोनेक सेकंद उशीर झाला, की खेळ खलास. अमेरिकेने १९९५ मध्ये आर-२२ आणि आर-४४ साठी खास प्रशिक्षण सक्तीचं केलं, ते उगाच नाही.

पण ऑटोरोटेशन जमलं तर काय होतं, तेही पाहा. आपल्या नाशिकच्या लष्करी हवाई प्रशिक्षण शाळेतलं 'चीता' हेलिकॉप्टर मूळचं फ्रेंच 'लामा'. २१ जून १९७२ रोजी वैमानिक जाँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटरवर नेलं. उंचीचा विक्रम झाला, इंजिन विझलं. गडी ऑटोरोटेशन करत सुखरूप खाली!

लायसन काढायचं मनात असेल, तर फीच्या आधी शाळेला विचारा: ऑटोरोटेशन किती घोटून घेता?