वाजली तर पुंगळी!

मोटारसायकलच्या मागच्या नळीला आपण सायलेन्सर म्हणतो आणि नवी गाडी घरी आली की आधी तिलाच बोलकं करायला निघतो. आतली पुंगळी काढायची, रिकामं नळकांडं परत लावायचं आणि चौकात जाऊन एकदा जोरात रेस करायची. ‘दम आला बघ गाडीला!’ आवाज आला हे तर गल्लीच सांगेल. दमाचं प्रकरण मात्र वेगळं आहे.

आधी नावाची कुंडली बघू. हायरम मॅक्सिम यांनी मशीनगन बनवली आणि त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीचा सायलेन्सर. पेटंट १९०९ चं. टबातलं पाणी गरगरत मोरीत जाताना बघून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. वायूलाही असंच गरगरवलं तर तो धडाक्याने बाहेर न पडता सावकाश पडेल. तीच युक्ती त्याने पुढे इंजिनांनाही लावली. म्हणजे बापाने जो गोंगाट जगाला दिला, तो आवरायचं काम मुलाने केलं. आपल्या गल्लीत नेमकं उलटं चालतं.

पोटात दडलंय काय?

टू-स्ट्रोक इंजिनात माथ्यावर व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट असतात आणि पिस्टन वर-खाली होताना तीच उघडतात, मिटतात. इथेच घोळ होतो. जळलेला धूर बाहेर पडताना थोडं ताजं पेट्रोलही त्याच वाटेने पळ काढतं. त्याला परत कोण आणणार? आवाज! धुराच्या प्रत्येक धक्क्याबरोबर नळीत दाबाची एक लाट धावते. नळी सनईसारखी रुंदावत गेली की तिथून उलटी लाट येते आणि उरलासुरला धूर ओढून काढते. पुढे नळी परत निमुळती झाली की तिथून दुसरी लाट येते आणि पळालेलं पेट्रोल ढकलत आत घालते, तेही पोर्ट मिटायच्या ऐन क्षणी. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचं पोट फुगलेलं असतं ते यासाठी.

अर्थात हा मेळ ठरावीक आरपीएमलाच जुळतो. तोवर गाडी पेंगते आणि मग एकदम सुटते. १९८५ साली आपल्याकडे आलेली यामाहा आरएक्स १०० आठवा. अवघे ९८ सीसी आणि ११ बीएचपी, पण सिग्नल सुटला की भल्याभल्यांना मागे टाकायची. तिची पुंगळी एका स्क्रूवर निघते. कार्बन साचला की ती काढून जाळायची, खरवडायची आणि निमूटपणे परत बसवायची. ती कायमची काढून टाकणाऱ्यांचा खालचा पिकअप बहुधा तिच्याबरोबरच जातो.

पळून आलेला वर्ल्ड चॅम्पियन

हे लाटांचं गणित खऱ्या अर्थाने बसवलं ते पूर्व जर्मनीतल्या वॉल्टर काडेन यांनी. चोपाउ गावातला एमझेड मोटारसायकलींचा कारखाना, पैशाची चणचण, सामान जेमतेम. तरीही १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी रेसिंग इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली. लिटरच्या हिशेबात २००! त्या काळी हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नव्हता.

ती गाडी पळवायचा अर्न्स्ट डेग्नर. विश्वविजेतेपद हाताशी आलेलं असताना सप्टेंबर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीत त्याचं इंजिन फुटलं आणि तिथूनच तो पश्चिमेकडे पळाला. बर्लिनची भिंत उभी राहायला लागून जेमतेम महिना झाला होता. बायकामुलांना गाडीच्या डिकीत लपवून सीमेपार आणलं गेलं. काडेन यांची सगळी गुपितं डोक्यात घेऊन डेग्नर सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटाचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. सुझुकीचंही ते पहिलंच विश्वविजेतेपद. सुझुकाच्या ट्रॅकवरचं एक वळण आजही ‘डेग्नर’ म्हणून ओळखलं जातं. सायलेन्सरच्या आकारासाठी एवढं रामायण!

बॅकप्रेशरचा बागुलबुवा

आता फोर-स्ट्रोककडे. ‘इंजिनला थोडं बॅकप्रेशर लागतंच’ हे गॅरेजमधलं ब्रह्मवाक्य आहे. खरं तर इंजिनाला अडथळा नको असतो, धुराला वेग हवा असतो. जाडजूड पाईप लावला की कमी आरपीएमला धूर रेंगाळतो आणि लोड घेताना गाडी रडते. मोकळा, म्हणजे फ्री-फ्लो सायलेन्सर लावून कार्बोरेटरचा जेट तोच ठेवला तर आणखी पंचाईत. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे पुस्तकी प्रमाण. जास्तीत जास्त ताकद मिळते ती १२.५ ते १३ च्या आसपास. हवा वाढली की इंजिन तापतं, मूठ सोडली की फटफट फटाके फुटतात आणि मालकाला वाटतं, काय रेसिंग गाडी झालीय! प्लग काढून बघा. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असेल तर सगळं ठीक. पांढराफटक असेल तर फिटरला गाठा.

ट्यूनिंगचं वेड म्हणजे काय, ते न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोंना विचारावं. त्यांची १९२० ची ‘इंडियन स्काउट’ (इंडियन नावापुरती, कंपनी अमेरिकन) मुळात ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास पळायची. मन्रोंनी घरीच पिस्टन ओतले, ६०० सीसीचं इंजिन ९५० पर्यंत नेलं, आणि १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, बोनव्हिलच्या मिठागरावर ती ताशी २९६ पर्यंत पळवली. मोडलेले पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड त्यांनी घरच्या फळीवर मांडून ठेवले होते, वेगाच्या देवाला नैवेद्य म्हणून!

हार्लेचं वेड निराळं. ४५ अंशांतले दोन सिलिंडर आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, म्हणून फायरिंग ३१५ आणि ४०५ अंशांवर, लंगडत. कंपनीने १९९४ मध्ये या लंगड्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला. स्पर्धकांनी हरकती घेतल्या आणि २००० मध्ये अर्ज मागे घेतला गेला.

आपल्याकडे बुलेटला इंदोरी, पंजाब, शॉर्ट बॉटल, गोल्ड स्टार असे सायलेन्सर मिळतात. यादी ऐकून हॉटेलात बसल्यासारखं वाटतं. कायदा मात्र बेचव आहे. नवी मोटारसायकल चाचणीत ८० ते १७५ सीसीची असेल तर ७७ डेसिबल आणि त्यावरची असेल तर ८०, यापुढे जाता कामा नये. आणि डेसिबलचा हिशेब चक्रवाढीचा: १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट. मग पोलीस असे सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात. त्यानंतर मात्र ते नावाप्रमाणे वागतात.