२२ पेनल्टी, २२ गोल आणि एक नाणं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिखित भाग. रेकॉर्डिंगमध्ये मी जिथे अडखळले, ते इथे जरा सरळ केलंय. बाकी बडबड तशीच आहे.

आजचा विषय फुटबॉलच्या एका फायनलचा आहे. तारीख ८ फेब्रुवारी २०२४, ठिकाण ढाका, कमलापूरचं मुस्तफा कमाल स्टेडियम. स्पर्धा म्हणजे १९ वर्षांखालच्या मुलींची सॅफ चॅम्पियनशिप. सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ. त्याचे सदस्य सात देश आहेत, पण या स्पर्धेत चारच संघ होते: भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान. सगळ्यांनी एकमेकांशी खेळायचं आणि वरच्या दोघांची फायनल.

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की दक्षिण आशियात फुटबॉल म्हटलं की भारत आरामात जिंकतो. मुलींच्या वयोगटांत तसं अजिबात नाहीये. २०१७ मध्ये ढाक्यातच १५ वर्षांखालची स्पर्धा झाली होती, तेव्हा बांगलादेशने फायनलमध्ये आपल्याला १-० हरवलं. २०२१ च्या १९ वर्षांखालच्या फायनलमध्येही १-०. आणि या स्पर्धेतसुद्धा भारताने भूतानला १०-० धुतलं, पण साखळीत बांगलादेशकडून पुन्हा १-० हार, तीही अगदी शेवटच्या मिनिटांत सागरिकाने केलेल्या गोलमुळे.

फायनलमध्ये ८ व्या मिनिटाला शिबानी देवीने गोल केला आणि भारत पुढे गेला. मग ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटं तो गोल सांभाळला. इंज्युरी टाइम सुरू झाला आणि ९३ व्या मिनिटाला परत सागरिका! १-१.

मग पेनल्टी शूटआउट. पाच-पाच झाल्या, बरोबरी. सडन डेथ सुरू झाली, तरी बरोबरी. अकराच्या अकरा मुली, अगदी दोन्ही गोलकीपरसुद्धा, येऊन मारून गेल्या. २२ पेनल्टी, २२ गोल. ११-११.

हे किती दुर्मीळ आहे? साधारण चारपैकी तीन पेनल्टी आत जातात असं धरू. सलग २२ आत जाण्याची शक्यता म्हणजे ०.७५ चा २२ वा घात. उत्तर येतं ०.००१८, म्हणजे साधारण ५६० शूटआउटमध्ये एकदा. २०२१ ची युरोपा लीग फायनल आठवतेय? विलारेयाल आणि मँचेस्टर युनायटेड. तिथे पहिल्या २१ आत गेल्या आणि २२ वी डे हेआने घालवली. ढाक्यात २२ वीसुद्धा आत गेली.

आता पुढे काय करायचं? फुटबॉलच्या नियमांच्या पुस्तकात दहावा नियम आहे, सामन्याचा निकाल कसा लावायचा यावर. तो सांगतो की सगळ्या पात्र खेळाडूंची एकेक किक झाल्याशिवाय कुणालाही दुसरी किक नाही. सगळ्यांची झाली की पुन्हा पहिल्यापासून चालू करायचं, हवं तर खेळाडूंचा क्रम बदलायचा. थांबायचं कधी? सारख्याच किका मारून एका संघाचा एक गोल जास्त होईल तेव्हाच. कोडिंग करणाऱ्यांसाठी सांगते, हा व्हाइल लूप आहे आणि त्यात टाइमआउट लिहिलेलाच नाही. हे कुणी पहिल्यांदा बघत होतं असंही नाही. १९९२ च्या आफ्रिका कपच्या फायनलमध्ये आयव्हरी कोस्टने घानाला ११-१० हरवलं, तेही दुसरी फेरी सुरू झाल्यावरच. नामिबियात २००५ मध्ये एका कप सामन्यात ४८ किका लागल्या होत्या!

शूटआउटमध्ये नाणं लागतं, पण ते सुरुवातीला. कुठल्या गोलपोस्टवर मारायचं आणि आधी कोण मारणार, एवढ्यासाठीच.

ढाक्यात रेफरी पुढच्या किकची तयारी करत होत्या. तेवढ्यात त्यांना थांबायला सांगण्यात आलं. मॅच कमिशनरने टॉस करायचा निर्णय दिला. दोन्ही कॅप्टनना बोलावलं, नाणं उडालं, भारत जिंकला. आपल्या मुली नाचायला लागल्या. मी तेव्हा फोनवर फक्त निकाल बघितला होता आणि ग्रुपवर लगेच झेंड्याचे इमोजी टाकून मोकळी झाले होते. पूर्ण गोष्ट नंतर वाचली.

बांगलादेशच्या मुली मैदान सोडायलाच तयार नव्हत्या. प्रेक्षकांनी बाटल्या फेकायला सुरुवात केली. मग कमिशनरने स्वतःचाच निर्णय मागे घेतला आणि शूटआउट पुढे चालू करायला सांगितलं. आता भारतीय संघ तयार नव्हता. तासाभराहून जास्त वेळ हा घोळ चालला आणि शेवटी दोघांनाही संयुक्त विजेते जाहीर केलं.

आपल्याकडे तेव्हा एक सूर होता की ‘आम्ही टॉस जिंकलो होतो, दबावाला बळी पडून ट्रॉफी अर्धी केली.’ मला तो पटत नाही, आणि पटत नाही म्हटलं की लोक चिडतात, पण असो. टॉस जिंकणं ही त्या मुलींची कमाई नव्हती. ११ पेनल्टी सलग आत मारणं ही होती. त्याच वेळी त्यांची चूकही शून्य आहे. अधिकारी सांगतो टॉस, तुम्ही टॉसला जाता, जिंकता, आणि थोड्या वेळाने तोच माणूस म्हणतो परत या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींनी त्या स्टेडियममध्ये, त्या बाटल्यांच्या माऱ्यात परत यावं असं मी तरी म्हणणार नाही. ऑफिसात आमच्याकडेही एकदा भर रात्री कुणीतरी लिहिलेली प्रोसेस बाजूला ठेवून अंदाजाने सिस्टिम बंद केली होती. ती परत चालू करणं सोपं होतं. मधल्या वेळात लोकांनी जे बघितलं, ते पुसता आलं नाही.

टॉसने निकाल लावणं फुटबॉलला नवीन नाही, हेही सांगते. १९६८ च्या युरो सेमीफायनलमध्ये इटली आणि सोव्हिएत संघ ०-० राहिले. नेपल्समध्ये नाणं उडवलं, इटली फायनलला गेला आणि पुढे चॅम्पियन झाला. त्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये इस्राएल बल्गेरियाविरुद्ध चिठ्ठीवर बाहेर पडला. त्यावर चिडून इस्राएलच्या योसेफ डगान यांनी पेनल्टीची कल्पना पुढे रेटली आणि १९७० मध्ये ती नियमांत आली. म्हणजे शूटआउट जन्मालाच आलं ते नाण्याला हटवण्यासाठी. आणि ५४ वर्षांनी, शूटआउट चालू असताना, कुणीतरी नाणं काढलं.

वेळ वाचवायचा होता म्हणावं, तर तेही गणितात बसत नाही. ७५ टक्क्यांच्या हिशोबाने दर फेरीत एक आत आणि एक बाहेर जाण्याची शक्यता साडेसदतीस टक्के येते. म्हणजे पुढच्या तीन फेऱ्यांत निकाल लागण्याची शक्यता ७६ टक्के. या मुली त्या दिवशी भलत्याच फॉर्मात होत्या म्हणून ९० टक्के धरा, तरी सरासरी साडेपाच फेऱ्या. एका फेरीला दीड मिनिट म्हटलं, तर आठ-नऊ मिनिटं. त्याऐवजी तास गेला.

त्या बांगलादेश संघाची कॅप्टन आफिदा खंदकार पुढे सीनियर संघाची कॅप्टन झाली आणि २०२५ मध्ये बांगलादेश पहिल्यांदाच महिला एशियन कपसाठी पात्र ठरला. त्याच महिन्यात थायलंडला २-१ हरवून भारतही पात्र ठरला. सॅफच्या विजेत्यांच्या यादीत २०२४ समोर मात्र अजून दोन नावं आहेत.