बॅगा खाली, पंप वर

जून २०२४ मध्ये अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्टारलायनर यानातून निघाले, तेव्हा त्यांच्या कपड्यांच्या बॅगा जमिनीवरच राहिल्या. उड्डाणाच्या काही दिवस आधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूत्रापासून पाणी काढणाऱ्या यंत्रणेचा एक पंप बंद पडला होता. बदली पंपाचं वजन सुमारे ७० किलो. तो न्यायचा तर यानातून काहीतरी उतरवावं लागणार होतं. उतरल्या त्या दोन बॅगा. स्थानकावर राखीव कपडे होते, त्यांवर भागवायचं ठरलं. मुक्काम तरी किती, आठवडाभराचा! तो पुढे नऊ महिन्यांवर गेला, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पंपाची गोष्ट मात्र मागे पडली.

खरं तर स्थानक काय चीज आहे ते पंपाच्या गोष्टीतूनच कळतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने फिरणारं, १०९ मीटर लांबीचं हे घर २ नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. आज तिथे सहसा सात जण असतात. सुरुवातीच्या काळात तिघंच असत. तेव्हा अडीच माणसांचा वेळ घर चालवण्यातच जातो, असा हिशेब मांडला जाई. ज्या संशोधनासाठी एवढा खटाटोप, त्याच्या वाट्याला उरे अर्धा माणूस.

दीड तासात पृथ्वीला एक फेरी, म्हणजे चोवीस तासांत सोळा सूर्योदय. सूर्यावर घड्याळ लावायची सोयच नाही. म्हणून स्थानकावर ग्रिनिचची वेळ चालते. सकाळी सहाच्या सुमारास उठायचं, आन्हिकं आटोपून ह्यूस्टन, हंट्सव्हिल, म्युनिक, त्सुकुबा आणि मॉस्को इथल्या नियंत्रण कक्षांशी दिवसाच्या कामांची उजळणी करायची. कामाचं वेळापत्रक पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत आखलेलं असतं. पडद्यावर एक लाल रेघ त्यावरून डावीकडून उजवीकडे सरकत राहते. तुम्ही तिच्या पुढे आहात की मागे, हे सगळ्यांना दिसतं. एखादा स्क्रू हातून सुटून तरंगत गेला, तो शोधण्यात दहा मिनिटं गेली, की रेघ पुढे आणि माणूस मागे.

तो स्क्रू सापडण्याची एक हमखास जागा असते. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपसूक वर जात नाही, गार हवा खाली येत नाही. पंखे नसतील तर झोपलेल्या माणसाचा उच्छ्वास त्याच्याच चेहऱ्याभोवती साचून राहील. म्हणून पंखे अहोरात्र हवा खेळती ठेवतात. धूळ खाली बसतच नाही. कपड्यांचे तंतू, त्वचेचा कोंडा, हरवलेली पेन्सिल, निसटलेला स्क्रू हे सगळं हवेबरोबर वाहत शेवटी हवा ओढणाऱ्या जाळ्यांवर जाऊन चिकटतं. शनिवार हा झाडलोटीचा दिवस. पण झाडायला जमीन नाही. व्हॅक्यूम क्लीनर घेऊन जाळ्यांवरची लव काढायची, ओल्या जंतुनाशक फडक्यांनी दांड्या, धरायच्या मुठी, जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंती पुसायच्या. धुणं मात्र नाही, कारण पाणी परवडत नाही. कपडे शक्य तितके दिवस वापरायचे आणि मळले की कचऱ्यात टाकायचे. तो कचरा सामान आणलेल्या रिकाम्या यानात भरतात आणि ते यान वातावरणात शिरताना त्याच्यासकट जळून जातं.

पाण्याची यंत्रणा २००८ च्या नोव्हेंबरमध्ये एन्डेव्हर शटलने वर नेली. लघवी, घाम, श्वासातली वाफ हे सगळं गोळा करून त्यापासून पिण्याचं पाणी करायचं. लघवी उकळून वाफ वेगळी करायची, ही कल्पना साधी. पण वर-खाली हा भेदच नसेल तर वाफ द्रवापासून सुटणार कशी? म्हणून कमी दाबाखाली फिरणारं एक पिंप असतं. फिरण्याच्या जोराने द्रव कडेला दाबला जातो आणि वाफ मधून निघते. जमिनीवर हे यंत्र उत्तम चालत होतं. वर गेल्यावर ते लवकरच तुंबू लागलं.

दोष यंत्राच्या आराखड्यात सापडला नाही. तो राहणाऱ्यांच्या हाडांत सापडला. वजन पेलायचं नसलं की शरीर हाडं खर्ची घालू लागतं, आणि त्यातलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. जमिनीवरच्या चाचण्यांतली लघवी जमिनीवरच्या माणसांची. तिच्यात कॅल्शियम कमी. लघवी टिकावी म्हणून तिच्यात सल्फ्युरिक आम्ल घालत. कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की काय होतं, हे गीझरच्या आत साचलेला पांढरा थर खरवडणाऱ्या कुणालाही समजेल. इथे साचत होतं ते जिप्सम. ८५ टक्के पाणी परत मिळवायचं लक्ष्य बाजूला ठेवून बराच काळ सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर समाधान मानावं लागलं. पुढे फॉस्फोरिक आम्ल वापरायला सुरुवात झाली, उरलेल्या दाट खारट द्रवातलं पाणीही काढणारं उपकरण आलं, आणि २०२३ मध्ये एकूण पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळू लागलं.

त्याच हाडांसाठी प्रत्येकाला रोज दोन-अडीच तास व्यायाम सक्तीचा आहे. ट्रेडमिलवर पट्ट्यांनी स्वतःला खाली ओढून धरायचं आणि पळायचं. पोकळ नळकांड्यांतल्या निर्वाताविरुद्ध जोर लावून ‘वजनं’ उचलायची. देखभालीच्या यादीत माणूसही असतोच. आणि व्यायामाची यंत्रंही बिघडतात, म्हणून तीही असतात.

बाहेरची दुरुस्ती हे आणखी वेगळं प्रकरण. ३० ऑगस्ट २०१२ रोजी सुनीता विल्यम्स आणि जपानचे आकिहिको होशिदे सौरपंखांची वीज वाटणारी सुमारे शंभर किलोची एक पेटी बदलायला बाहेर पडले. जुनी पेटी निघाली, पण नवीचा बोल्ट काही केल्या बसेना. आठ तास सतरा मिनिटं झटून अखेर ती पेटी दोरांनी बांधून दोघं आत परतले. बोल्ट बसायच्या भोकात धातूचा कीस अडकला होता. स्थानकावर जे आहे त्यातूनच काय करता येईल, याचा ह्यूस्टनमध्ये खल सुरू झाला. जादा केबलच्या तारा सोडवून तारेचा ब्रश बनवला, आणि एका दांड्याला चक्क टूथब्रश बांधून वंगण लावायचं हत्यार केलं. ५ सप्टेंबरला भोक झाडून, पुसून, वंगण लावून झालं आणि बोल्ट बसला. अब्जावधी डॉलरच्या वास्तूची वीज दात घासायच्या ब्रशाने परत आणली.

आठ वर्षांनी रशियन विभागात हवा गळत असल्याचं निश्चित झालं. चीर केसासारखी बारीक, डोळ्यांना न दिसणारी. ऑक्टोबर २०२० मध्ये संशयित कप्प्यात चहाची पत्ती हवेत सोडली, कॅमेरे लावले आणि दार बंद केलं. स्थिर हवेत तरंगणारी पत्ती हळूहळू एकाच दिशेला सरकली आणि चिरेपाशी जमली. मग चिरेवर पट्टी चिकटवली. त्या भागातली गळती त्यानंतरही अनेक वर्षं पुरती थांबली नाही. गरज नसेल तेव्हा त्या कप्प्याचं दार लावून ठेवत. जुन्या घरातली पावसाळ्यात गळणारी खोली आपणही अशीच सांभाळतो.

प्रयोगाचा वेळ असा दुरुस्तीत जातो म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं त्यांनी जमाखर्च उलट मांडला आहे. हाडांतलं कॅल्शियम यंत्र तुंबवेल, हे सुरुवातीच्या आराखड्यात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते वर्षानुवर्षं वर राहून, तुंबलेलं यंत्र उघडून कळलं. इथे घर हाच प्रयोग आहे, आणि तो पंचवीस वर्षं अखंड चालू आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला त्या घरात अठरा दिवस राहून आले; सोबत आमरस होता, आणि तिथे त्यांनी मूग-मेथीला मोड आणले. भारताला स्वतःच्या स्थानकाचा पहिला भाग २०२८ पर्यंत आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं आहे. सध्याचं स्थानक २०३० नंतर प्रशांत महासागरातल्या निर्जन टापूत उतरवण्याचा बेत आहे. लोखंड-अ‍ॅल्युमिनियम तिथे बुडेल. कोणत्या जाळीला किती दिवसांनी लव धरते, कोणता पंप आधी दगा देतो, ही माहिती तेवढी वर काढून ठेवायची आहे. कारण मंगळाच्या वाटेवर पंप बंद पडला तर कुणाच्या बॅगा उतरवून दुसरा चढवता येणार नाही. जो पंप हाती असेल तोच उघडावा लागेल, आणि तो कसा उघडायचा ते निघण्याआधीच ठाऊक असावं लागेल.