बॅटरी गेली की अपडेट अडले?

आपल्या घरांतून आता मुलामुलींच्या अभ्यासासाठी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी लॅपटॉप येऊ लागला आहे. पुष्कळदा तो हप्त्यावर आणलेला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून जुना घेतलेला असतो. तो अर्ध्या तासात बंद पडू लागला, की दुकानदार सांगतो, "बॅटरी बदला." निमूटपणे पैसे मोजले जातात. खरोखर बॅटरीच गेली आहे काय, हे घरबसल्या पाहता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

विंडोजच्या लॅपटॉपवर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. इंग्रजीत 'पॉवर' हा शब्द, त्याला जोडून सी, एफ, जी ही अक्षरे लिहा. एक जागा सोडा. मग प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असा सलग शब्द लिहून एंटर दाबा. अहवाल तयार होतो व तो कोठे ठेवला आहे, हे पडद्यावर दिसते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असताना बॅटरीत मावणारी वीज, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज मावणारी. पहिला आकडा ४०,००० आणि दुसरा ३४,००० असेल तर बॅटरी चांगली आहे. दुसरा १६,००० वर आला असेल, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे खरे.

बॅटरी चांगली असूनही लवकर उतरते, याचे एक कारण अपडेट असू शकते. मोठे अपडेट बसल्यावर यंत्र काही काळ आतल्या आत काम करीत राहते, पंखा फिरतो, वीज जास्त लागते. एक-दोन दिवस थांबून पाहावे. चार्जिंग नेहमी ६० किंवा ८० टक्क्यांवरच थांबत असेल, तर तो बिघाडच असेल असे नाही. बॅटरी टिकावी म्हणून काही कंपन्यांनी तशी सोयच दिलेली असते व ती सेटिंगमधून बंद करता येते.

याच्या उलटही घडते. बॅटरी कमजोर, अपडेट अर्ध्यावर आणि तेवढ्यात घरची वीज गेली, की यंत्र सुरूच होत नाही असे प्रसंग येतात. म्हणून अपडेटच्या वेळी चार्जर लावलेलाच असावा, आणि वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर ती टाळावी. टक्केवारी एकाच आकड्यावर अडली तरी घाईने बटण दाबून बंद करू नये. जुन्या हार्ड डिस्कच्या यंत्राला तासन्‌तास लागतात. अपडेट पुन्हापुन्हा फसत असेल तर आधी सी ड्राइव्हमध्ये जागा उरली आहे काय ते पाहावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा आमचा अनुभव आहे. मोबाइलच्या नेटवर काम चालत असेल तर ते जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' करून ठेवावे, म्हणजे डेटा फुकट जात नाही. परीक्षेच्या आठवड्यात 'पॉज अपडेट्स' करून ठेवावे, पण नंतर ते पुन्हा सुरू करण्यास विसरू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याहून जुना लॅपटॉप "अगदी नव्यासारखा" म्हणून गळ्यात मारला जात असेल, तर दुकानदाराला पिढी विचारा आणि पडद्यावर दाखवायला लावा. असे यंत्र घरात आधीच असेल तर फेकू नका; लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून ते वापरता येते.

टचपॅड वर उचलला गेला, कीबोर्ड फुगला किंवा झाकण नीट मिटेना, तर अहवाल पाहण्याची वाट बघू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर लगेच काढा, यंत्र बंद करा, मुलांना दूर ठेवा. बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. भंगारात तर मुळीच घालू नये. तिथे हातोडी चालवणारी माणसे आपल्यापैकीच असतात, आणि ही बॅटरी फुटली की त्यांच्या हातातच पेट घेते.