आंबट वायू गोड कसा होतो?

वसईजवळच्या समुद्राखालून निघणारा नैसर्गिक वायू नळाने गुजरातेतील हजिरा येथे नेतात. तेलउद्योगात अशा वायूला ‘आंबट’ म्हणतात. हा आंबटपणा चवीचा नव्हे. त्यात हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायऑक्साइड हे आम्लधर्मी वायू असतात. पैकी पहिला अत्यंत विषारी असून, ओलावा असेल तर दोन्ही पोलादी नळ गंजवतात.

आम्लाचे उदासिनीकरण आम्लारीने होते, हे विद्यार्थ्यांना माहीत असते. मग कॉस्टिक सोडा का वापरू नये? कारण तो आम्लाला घट्ट धरून बसतो. सतत नवा घ्यावा लागेल. अमाइन हे दुर्बल आम्लारी होत. त्यांचे पाण्यातील द्रावण उच्च दाबाखाली, सुमारे ४० अंश सेल्सिअसला हे वायू शोषते आणि कमी दाबाखाली १२० अंशांच्या आसपास तापवल्यावर सोडून देते. मोकळे झालेले द्रावण थंड करून पुन्हा वापरतात. १९३० साली अमेरिकेत रॉबर्ट बॉटम्स यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले.

येथे मोठा खर्च उष्णतेचा असतो. द्रावण गरजेपेक्षा जास्त फिरवले, तर जादा पाणी विनाकारण तापते. फार कमी फिरवले, तर ते आम्लवायूंनी भरून जाऊन यंत्रच गंजवते. म्हणून प्रमाण अचूक हवे. शिवाय, परतणाऱ्या गरम द्रावणाची उष्णता तापायला निघालेल्या द्रावणाला देतात.

आणखी एक पथ्य आहे. शोषणस्तंभात शिरणारे द्रावण वायूपेक्षा सुमारे ५ अंश गरम ठेवतात. असे का? ते थंड असेल, तर वायूतील जड हायड्रोकार्बन द्रवरूप होतात, द्रावण फेसाळते आणि शुद्धीकरण बिघडते.