नैतिकतेचं कलम नेमकं कुणासाठी?

सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉटेलात पार्टी झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच व्हर्जिनिया राप ही तरुण अभिनेत्री वारली. आरोप आला मूकपटांचा लाडका विनोदवीर रॉस्को आर्बकल याच्यावर. खटला उभा राहण्याआधीच थिएटरवाल्यांनी त्याचे चित्रपट उतरवले. युनिव्हर्सल कंपनीनं तर आपल्या नटांच्या करारांत एक नवं कलमच घातलं : लोकांच्या मनातून उतरेल असं वागलात, तर पगार बंद. आर्बकलवर तीन खटले चालले. तिसऱ्या ज्यूरीनं एप्रिल १९२२ मध्ये त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच्यावर मोठा अन्याय झाल्याचं लेखी दिलं. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत चित्रपट व्यवसायाचे नवे कारभारी विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली.

खेळाडू आणि नटनट्यांच्या जाहिरात करारांत आजही असं कलम असतं. मेख अशी, की ते कंपनीला करार मोडण्याचा अधिकार देतं, मोडलाच पाहिजे असं बंधन घालत नाही. कोणत्या कृत्याला किती शिक्षा, हेही त्यात सहसा नसतं. त्यामुळे कंपनी सोयीनं न्यायाधीश होते आणि सोयीनं डोळे मिटते.

फेब्रुवारी २००९ मध्ये जलतरणपटू मायकल फेल्प्सचा गांजा ओढण्याच्या नळीसोबतचा फोटो छापून आला. गुन्हा दाखल झाला नाही, पण केलॉग्जनं त्याचा करार पुढे चालवला नाही. त्याच वर्षाअखेरीस टायगर वूड्सचे विवाहबाह्य संबंध उघड झाले. अॅक्सेंचर आणि एटी अँड टी दूर झाल्या, नाइकी राहिली. तिचा गोल्फचा व्यवसाय बऱ्याच अंशी वूड्सच्या नावावर उभा होता. २०१३ मध्ये तो पुन्हा अव्वल ठरला, तेव्हा जिंकलं की सगळं निभावतं, अशा अर्थाची जाहिरात याच कंपनीनं काढली. आणि बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट? २००३ मध्ये त्याच्यावर बलात्काराचा आरोप झाला. तक्रारदार तरुणीनं साक्ष द्यायला नकार दिल्यावर फौजदारी खटला मागे घेतला गेला, दिवाणी दावा तडजोडीनं मिटला. मॅकडोनल्ड्स आणि न्यूटेला सोडून गेले. नाइकीनं काही काळ त्याला जाहिरातींपासून लांब ठेवलं, मग २००६ मध्ये त्याच्या नावाचा बूट बाजारात आणला.

आरोप सिद्ध झाला नाही, तेव्हा ब्रायंटला दोषी म्हणता येत नाही. ते योग्यच आहे. पण सिद्ध झाल्यावाचून शिक्षा नको हे तत्त्व असेल, तर ते आर्बकललाही मिळायला हवं होतं. इथे मोजली जाते ती माणसाची उरलेली कमाई, आणि मला त्याचा संताप येतो.

कंपन्यांवर सगळं ढकलून आपण ग्राहक सुटत नाही. लोक काय विसरतील, याचा अंदाज बांधूनच तिथले निर्णय होतात. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल एका टीव्ही कार्यक्रमातल्या स्त्रियांविषयीच्या शेरेबाजीमुळे निलंबित झाले. जिलेटनं पंड्याशी संबंध थांबवले. दोन आठवड्यांत निलंबन उठलं आणि त्याच उन्हाळ्यात दोघं विश्वचषक खेळले. प्रत्येकी वीस लाखांचा दंड हुतात्मा जवानांच्या कुटुंबांना आणि अंधांच्या क्रिकेटसाठी द्यायचा ठरला. दोन्ही कामं मोलाची, पण ज्यांच्याविषयी ती भाषा वापरली गेली, त्या स्त्रिया या हिशेबात कुठेच नव्हत्या.

सगळ्यात जास्त सलतं ते मात्र वेगळंच. धावपटू जस्टिन गॅटलिनवर उत्तेजकांसाठी दोनदा बंदी आली. पहिल्या वेळी कारण लहानपणापासूनच्या औषधाचं होतं. २००६ मध्ये मात्र टेस्टोस्टेरॉन सापडलं आणि चार वर्षं गेली. २०१५ मध्ये नाइकीनं त्याला पुन्हा करारबद्ध केलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत सहा ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवलेली धावपटू अॅलिसन फेलिक्स याच कंपनीशी नव्या कराराची बोलणी करत होती. २०१८ मध्ये तिला दिवस गेले. गर्भारपणातल्या रक्तदाबामुळे बत्तिसाव्या आठवड्यात तातडीनं शस्त्रक्रिया करून मुलीला जन्म द्यावा लागला. तिनं मे २०१९ मध्ये लिहिलं, की कंपनी तिला आधीपेक्षा सत्तर टक्के कमी पैसे देऊ करत होती. बाळंतपणाच्या आगेमागे कामगिरी घसरली तर शिक्षा होणार नाही, एवढी हमी तिनं मागितली होती. ती मिळाली नाही.

बाळंतपण नैतिकतेच्या कलमात बसत नाही, म्हणून तिथे कामगिरीचं कलम कामी येतं : शर्यती धावला नाहीत, क्रमवारीत घसरलात, तर पैसे कापले जातात. अॅलिसिया मोंटॅनो आणि कारा गाउचर या धावपटूंनी गोपनीयतेच्या अटी मोडून हे बोलायचं धाडस केलं, तेव्हा कुठे ऑगस्ट २०१९ मध्ये नाइकीनं गर्भारपण आणि बाळंतपणाच्या अठरा महिन्यांत अशी कपात न करण्याचं मान्य केलं. तोवर फेलिक्स दुसऱ्या कंपनीकडे गेली होती.