फ्लॉक्सासिन: आडनाव एक, वागणं वेगळं

घरातला औषधांचा डबा एकदा उघडून पाहा. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन... यातली एखादी अर्धी पट्टी बहुधा सापडेलच. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ असलं की घराणं एकच, फ्लुरोक्विनोलोन. मग एकीऐवजी दुसरी चालेल का?

आधी ती जिवाणूला मारतात कशी ते बघू. वर्गात सुतळीचा तुकडा घ्या. दोन्ही टोकं मुलांना घट्ट धरायला लावा आणि मधले पेड ओढून सुटे करा. लगेच बाजूची सुतळी आणखी पिळली जाते. दुहेरी पेडाचा डीएनए उलगडताना हेच होतं. ई. कोलायचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटरचा! हा पीळ सोडवायला त्याच्याकडे डीएनए गायरेज हे विकर असतं. ते डीएनए कापतं, त्या फटीतून दुसरा भाग पलीकडे नेतं आणि काप पुन्हा सांधतं. औषध नेमकं कापल्यानंतर, सांधण्याआधी तिथे जाऊन बसतं. काप उघडाच राहतो, डीएनए तुटतो, जिवाणू मरतो. (टोपोआयसोमरेज ४ या दुसऱ्या विकराचीही हीच गत.) आपल्या पेशींतलं विकर वेगळ्या घडणीचं, म्हणून आपण वाचतो.

इथवर सगळी भावंडं सारखी. फरक पडतो तो आपल्या शरीरात. गिळलेल्या नॉरफ्लॉक्सासिनचा निम्म्याहून कमी भाग रक्तात उतरतो, सिप्रोचा सुमारे ७० टक्के, लिव्होचा जवळजवळ सगळा. सिप्रो रक्तात साधारण ४ तासांत निम्मं होतं, म्हणून गोळी दिवसातून दोनदा. मॉक्सिफ्लॉक्सासिनला त्यासाठी १२ तास लागतात, म्हणून एकदाच. लिव्हो बहुतेक जसंच्या तसं लघवीवाटे जातं; मॉक्सीचा मात्र जेमतेम पाचवा हिस्सा तिथे पोहोचतो. म्हणूनच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात वापरलं जाणारं हे औषध मूत्रमार्गाच्या संसर्गाला देत नाहीत.

आणि गोळी दुधाबरोबर? सिप्रो आणि नॉरफ्लॉक्सासिनला कॅल्शियम पोटातच जखडून ठेवतं. लोहाच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीची काही औषधं तर सगळ्याच भावंडांना. रक्तात अर्धामुर्धा डोस पोहोचला की चिवट जिवाणू मागे उरतात.

मुलांना डॉक्टर ही औषधं सहसा देत नाहीत. कोवळ्या वयाच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत सांध्यांच्या कूर्चेला इजा झालेली दिसली होती. मोठ्यांनाही गोळ्या चालू असताना टाचेच्या मागे दुखायला लागलं, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना गाठा.